गुडघ्याखालची उशी

३ तारीख, मंगळवार

आज दवाखान्यातून सोडलं. घरी आणलं असं लिहिणार होते, पण माझं घर वर आहे आणि मला ठेवलंय खाली, जाऊबाईंच्या पुढच्या खोलीत. जिना उभा आहे आणि माझ्या उजव्या गुडघ्यात नवीन लिगामेंट बसवलंय. जुनं तुटलं ते डेपोत. बस उभी, इंजिन बंद, मी केबिनमधून उतरत होते. पाय पायरीत अडकला आणि मी नको त्या दिशेला फिरले. इतकी वर्षं बस चालवली, रस्त्यावर कुणाला ओरखडा आला नाही, आणि गेला तो माझाच गुडघा, तोही उभ्या बसमध्ये. डेपोतली पोरं हसली असतील. हसू देत.

ही वही नवऱ्याने आणून दिली. म्हणाला, जे काय बोलायचंय ते हिच्यात लिही, म्हणजे माझा जीव वाचेल.

तीन महिन्यांनी डेपोचा डॉक्टर तपासणार आहे. पाय पूर्ण सरळ झाला आणि ब्रेकवर जोर देता आला, तर बस. नाहीतर कायमचं टेबल. टेबलावर बसवलं तर मी आठवडाभरात कुणाचा तरी गळा धरीन.

जाऊबाई आणि मी बोलत नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा त्यांचं सगळं तिने केलं, हे मी कधी नाकारलेलं नाही. पण त्या गेल्या त्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, ती मोठ्याने म्हणाली, "हिने बस चालवली आणि हिची सासू मी उचलली." मी गणवेशातच आले होते. तेव्हापासून आमचं जे काही असतं ते निरोपांवर. थोरले दीर जाऊन बरीच वर्षं झाली, ती खाली एकटी राहते, आम्ही दोघं वर, आणि निरोप्या म्हणजे माझा नवरा. टपालखात्यातून निवृत्त झालाय, त्याला सवय आहे.

आता मी तिच्या खोलीत, तिच्या पलंगावर आहे. तिला किती गुदगुल्या होत असतील.

५ तारीख, गुरुवार

दुखणं काय असतं ते मला आता कळलं. पाय सरळ ठेवला की गुडघ्याच्या मागे कुणीतरी चिमट्याने ओढतंय असं वाटतं. नवऱ्याने दुपारी एक जाड उशी आणली आणि हळूच गुडघ्याखाली सरकवली. काय बरं वाटलं म्हणून सांगू. डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी याच्यावर कायम खेकसले, आणि हा असा.

सुख तासभरही टिकलं नाही. जाऊबाई आल्या, माझ्याकडे न बघता उशी खसकन ओढली आणि काखेत मारून चालत्या झाल्या. माझा पाय पलंगावर आपटला. मी जी किंचाळले ती समोरच्या दुकानापर्यंत गेली असेल. मग स्वयंपाकघरात ती नवऱ्याशी बराच वेळ बोलत होती, आवाज चढवून. तो परत आला तेव्हा मी विचारलं, काय म्हणणं आहे महाराणीचं? तो म्हणाला, उशी तिच्या माहेरची आहे, चुरगळेल म्हणते.

एवढा वेळ बोलून एवढंच? उशीसाठी? माणूस किती खालच्या थराला जातो बघा. नवरा वर जाऊन आमची उशी घेऊन आला.

९ तारीख, सोमवार

आजपासून फिजिओथेरपीवाला यायला लागला. तरुण आहे, अंगाने भरलेला, आवाज मात्र मांजराचा. पिशवीतून दोन पट्ट्यांचं एक कोनमापक काढून गुडघ्याला लावतो, म्हणून मी त्याचं नाव कोनमापक ठेवलंय. मला काकू म्हणतो. मी विचारलं, कुठून झाले रे मी तुझी काकू? तो हसला आणि टाच धरून पाय उचलला. पुढचं बोलायला माझ्याकडे श्वासच नव्हता.

व्यायाम साधे दिसतात. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा अधांतरी राहतो, आणि तो आपल्या वजनाने खाली जाऊ द्यायचा. शिवाय दिवसातून तीनदा घरच्या कुणीतरी गुडघ्याच्या जरा वर, मांडीवर हात ठेवून दाबायचं. काय करायचं, काय टाळायचं ते काकांना दवाखान्यातच सांगितलंय, म्हणाला. नवऱ्याने मान हलवली. मी तेव्हा गुंगीत होते, मला काही आठवत नाही.

कोनमापक यायच्या आधी नवरा उशी काढून कपाटात ठेवतो. उगाच आजाऱ्याची खोली दिसते, म्हणतो. त्याला टापटिपीची फार आवड.

१८ तारीख, बुधवार

आज कोनमापक आला नाही. मला ताप वाटतोय असं नवऱ्याने त्याला फोन करून सांगितलं. ताप नव्हता. पण माझा चेहरा बघवत नाही त्याला.

नवऱ्याची सध्या मजा चालली आहे. गुणगुणत असतो. सकाळी चहा, दुपारी वर्तमानपत्र वाचून दाखवणं, संध्याकाळी पत्ते. आज पत्ते पिसता पिसता म्हणाला, डेपोतल्या टेबलाच्या वर पंखा आहे बरं का, आणि पाच वाजता सुट्टी. मी हातातले पत्ते त्याच्या अंगावर फेकले. तो हसत गोळा करत बसला.

२ तारीख, गुरुवार

वाईट दिवस.

कोनमापकाने पट्ट्या लावल्या, काढल्या, परत लावल्या. मग म्हणाला, "काकू, गुडघ्याखाली हात घालून बघा." घातला. माझी मूठ आरपार गेली. आतापर्यंत पाय गादीला टेकायला हवा होता. असाच आणखी राहिला तर आतली जखम आहे तशी, वाकडीच जुळून येईल, आणि मग पुन्हा भूल देऊन सोडवावं लागेल. मी बसचं विचारलं. तो म्हणाला, पाय सरळ होत नाही तोवर मांडीत जोर येत नाही, आणि जोर नसला तर ब्रेक तुम्ही दाबाल, पण धरून ठेवू शकणार नाही. एवढं त्याने सांगायची गरज नव्हती. चाळीस माणसं मागे बसलेली असताना ब्रेक धरून ठेवणं म्हणजे काय, ते मला कळतं.

मग त्याने विचारलं, झोपताना गुडघ्याखाली काही घेता का? उशी वगैरे? तीच घात करते.

नवरा खिडकीबाहेर बघत होता. मी नाही म्हणाले. बिचाऱ्याने प्रेमाने ठेवली होती, त्याला काय ठाऊक. त्याला परक्या पोराकडून बोलणी कशाला खायला लावू?

कोनमापकाने पट्ट्या मिटल्या. दाबतं कोण, म्हणाला. मी सांगितलं, नवरा. म्हणजे हात ठेवतो. मी आई गं म्हटलं की उचलतो.

"घरात तुमचं कुणाशी पटत नाही?"

मला वाटलं थट्टा करतोय. मी काही बोलायच्या आत दारातून आवाज आला. जाऊबाई उभ्या होत्या, हाताला पीठ.

"माझ्याशी," ती म्हणाली.

"मग उद्यापासून तुम्ही दाबा," कोनमापक म्हणाला, आणि तिथल्या तिथे तिला हात कुठे ठेवायचा ते शिकवायला लागला. माझा पाय, पण मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

३ तारीख, शुक्रवार

सकाळी आली. स्टूल ओढलं, हात पुसले, बसली आणि दाबलं. माझ्या तोंडून जे निघालं ते या वहीतही लिहिता येणार नाही, गर्दीच्या वेळी समोर आडव्या येणाऱ्या रिक्षावाल्यांसाठी राखून ठेवलेलं आहे ते. तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. शपथेवर सांगते, तिला सुख होत होतं.

जाताना नवऱ्याला म्हणाली, "भावजी, तिला सांगा, किती ओरडायचं ते ओरड म्हणावं. मी सोडणार नाही."

मी हातभर अंतरावर होते, ऐकलं सगळं. तरी नवरा माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी म्हणतात, सावकाश होईल बरं." मला त्या दुखण्यातही हसू आलं. हा असाच आहे, कुणाचं वाईट तोंडावर आणत नाही.

७ तारीख, मंगळवार

दिवसातून तीनदा. मांडीवर तिच्या बोटांचे वळ आहेत. नवऱ्याला ते दाखवले तर तो त्यावर तेल लावत बसला आणि रडला. मी नाही रडले. तिच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलंय, आणि तिलाही ते कळलंय, म्हणून ती आणखी वेळ लावते. सासूबाईंचं करताना हिचे हात असे कडक झाले असतील. मग त्यांचंही असंच केलं असेल का? तशा त्या कधी तक्रार करत नव्हत्या. मी गेले की हसायच्या. मी फार वेळ बसत नसे, बसची पाळी असायची.

११ तारीख, शनिवार

आज भांडण झालं. दाबता दाबता आत काहीतरी कटकन वाजलं आणि मी ठरवलेलं सगळं विसरून ओरडले. नवरा धावत आला, जाऊबाईंचा हात धरून बाजूला केला. मारणार आहात का तिला, म्हणाला. याला इतकं चिडलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. जाऊबाई उठल्या, स्टूल भिंतीला लावलं आणि बरं म्हणून गेल्या. नवऱ्याने आतून कडी लावली.

कोनमापकाला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, सूज आली नाही ना? मग काही तुटलेलं नाही, चिकटलेलं सुटलं असेल, थांबवू नका.

नवऱ्याने मग पांघरुणाची घडी केली आणि गुडघ्याखाली ठेवली. उशी नाहीये ही, म्हणाला. मला सगळं माहीत होतं. मी पाय तसाच ठेवला. इतकी गाढ झोप आली की काही विचारू नका.

१३ तारीख, सोमवार

काठी घेऊन खिडकीपर्यंत गेले. पाय पुन्हा वाकडा. दोन दिवसांत, फक्त दोन दिवसांत सगळं मागे.

कोपऱ्यावर बस थांबली. माझीच फेरी होती. ब्रेक मारला कुणी ते मला आवाजावरून कळतं. नवीन पोरगा आहे, लाथ घालतो पेडलला. उभी असलेली माणसं एकमेकांवर पडली असणार. मला इतका राग आला की मी तिथेच, खिडकीला धरून, नुसत्या हवेत ब्रेक दाबत होते. पाय अर्ध्यावर थांबत होता.

नवऱ्याला म्हटलं, तिला बोलव. तो म्हणाला आजचा दिवस राहू दे. मी म्हटलं, तू वर जा. तो हलेना. मग मी आवाज काढला, डेपोत काढते तो, तेव्हा गेला.

आता हाक मीच मारायला हवी होती आणि काय म्हणून मारायची तेच कळेना. लग्न होऊन आले तेव्हा हिला मी ताई म्हणत होते. ते काही केल्या तोंडातून निघेना. शेवटी काठीने भांड्यांचं कपाट वाजवलं. ती दारात आली.

"दाबा," मी म्हणाले.

"किती?"

"सरळ होईपर्यंत."

तिने कडी आतून लावून घेतली आणि स्टूल ओढलं. मग दाबता दाबता म्हणाली, "उपकार करतेय असं समजू नकोस. तुझ्या येण्याने माझं बसणं-उठणं बंद झालंय. तू सरळ झालीस की वर जाशील. मला माझी खोली परत पाहिजे."

इतक्या वर्षांत कुणी माझ्याशी इतकं सरळ बोललं नव्हतं. मी ओरडले, पण थांबा म्हणाले नाही.

२० तारीख, सोमवार

आता बोलतो आम्ही. प्रेमाने नव्हे. ती म्हणते तुझे केस पलंगभर पडतात, मी म्हणते तुमचा पलंग करकरतो. पण निदान मधे कुणी नाही.

आज मी उशीचा विषय काढला. म्हटलं, माहेरच्या उशीचं एवढं होतं तर माझ्याकडे मागायची, पाय आपटायची काय गरज होती? ती दाबायची थांबली.

"कुठली माहेरची? बाजारातून आणलेली उशी ती."

मग म्हणाली, सासूबाईंच्या गुडघ्याखाली तिने अशीच उशी ठेवली होती, बरं वाटतं म्हणून. त्यांचे पाय जे आखडले ते शेवटपर्यंत सरळ झाले नाहीत, गेल्या तेव्हाही त्यांना तसंच उचलावं लागलं. म्हणून उशी ओढून नेली त्याच दिवशी तिने भावजींना सांगितलं होतं, तिला नीट समजावून सांगा, उशी घ्यायची नाही, जन्माचं वाटोळं होईल. आवाज चढवून सांगितलं होतं.

मला तो चढलेला आवाज आठवला. नवऱ्याला संध्याकाळी विचारलं. तो म्हणाला, अगं, गडबडीत विसरलो असेन. त्या दिवशी धावपळच तेवढी होती. खरं आहे, बिचारा एकटा सगळं बघत होता. वय झालंय त्याचंही. पण विसरला तर माहेरची उशी कुठून आली, हे काही डोक्यातून जात नाही. भांडण वाढू नये म्हणून काहीतरी बोलला असेल. एवढ्या वर्षांत त्याने आमचे किती निरोप असे वाटेत बदलले असतील कोण जाणे. चांगल्यासाठीच बदलले असतील.

९ तारीख, शनिवार

पाय टेकला. कोनमापकाने गुडघ्याखाली कागद सरकवला आणि म्हणाला दाबून धरा. मी धरला. तो ओढत राहिला, कागद फाटला पण सुटला नाही. पट्ट्या लावल्या, एका रेषेत. तो पोरगा स्वतःच उड्या मारत होता. मी त्याला सांगितलं, काकू म्हण हवं तर.

जाऊबाई म्हणाल्या, सरळ झालास ना एकदाचा. माझ्याशी नाही, गुडघ्याशी.

नवरा छान छान म्हणाला आणि चहा करायला गेला. चहात साखर घालायला विसरला.

२२ तारीख, शुक्रवार

जिना चढले. कठड्याला धरून, एकेक पायरी, मागे कोनमापक. वर माझं घर जसंच्या तसं होतं. मग उतरलेही. कोनमापक म्हणाला आता वर राहायला हरकत नाही, पण मी ठरवलंय की मंगळवारची तपासणी होऊ दे. बस मिळाली की जायचं वर, दिमाखात. जाऊबाईंनी तोंड वाकडं केलं. आणखी चार दिवस का, म्हणाल्या.

२६ तारीख, मंगळवार

पास.

डेपोच्या डॉक्टरने पाय वाकवला, सरळ केला, उठाबशा काढायला लावल्या. मग मला रिकाम्या बसमध्ये बसवलं. ब्रेक दाबा, म्हणाला, मी सांगेपर्यंत सोडायचा नाही. तो खाली उतरून कुणाशी तरी गप्पा मारत उभा राहिला. मांडी थरथरली, घाम आला, पण पाय होता तिथे होता. परत आला तेव्हा म्हणाला, अजून धरलाय? मी म्हटलं, तुम्ही सोडा कुठे म्हणालात?

इथेच वही मिटली असती तर बरं झालं असतं.

मॅनेजर साहेबांकडे सही घ्यायला गेले. ते खूश होते. म्हणाले, मग ते टेबल आता दुसऱ्या कुणाला देतो, तुमच्या यजमानांना तेवढं सांगा. कुठलं टेबल, मी विचारलं. हरवलेल्या सामानाचं. बसमध्ये राहिलेल्या छत्र्या, डबे, एकेकटे बूट. यजमान येऊन गेले होते ना, साहेब म्हणाले, तिचा गुडघा काही आता सरळ व्हायचा नाही, तिला बसायची जागा धरून ठेवा म्हणून सांगून गेले. मी विचारलं कधी. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा, ते म्हणाले.

दवाखान्यात. तेव्हा गुडघ्यावरची पट्टीसुद्धा सुटली नव्हती. कुणी मोजलाही नव्हता तो. वाकडा राहणार हे फक्त एका माणसाला माहीत होतं.

बसने घरी आले, प्रवासी म्हणून. नवरा दारातच उभा होता. काय झालं, म्हणाला. मी पास म्हणाले, आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. चेहरा पडला. लगेच सावरला, पण आधी पडला.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं. "उशीचं. पहिल्या दिवसापासून."

त्याने नाही म्हणायचा प्रयत्न केला, मग तेही सोडलं. खाली बसला. म्हणाला, तू पाळीवर असलीस की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. रोज वाटतं, आज फोन येणार. एकदा तो आला, तुझ्या गुडघ्याचा. गुडघाच आहे हे कळल्यावर मला हायसं वाटलं, असं म्हणाला. देवाने थोडक्यात निभावलं, आता घरी राहील.

"थोडा वाकडा राहिला असता तर काय बिघडलं असतं? मी होतो ना करायला."

मला त्याला मारावंसं वाटलं. खरंच लिहिते, हात उचलला होता. आणि तोच माणूस तेल लावताना रडला होता, तेही खोटं नव्हतं. ते खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी हात खाली घेतला आणि त्याला वर जायला सांगितलं. तो म्हणाला, तू? मी जिन्याकडे बोट दाखवलं. जिन्यावर त्याची पावलं वाजली, मग वरचं दार.

जाऊबाईंनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं असणार. बाहेर आल्या, माझी काठी, औषधं, टॉवेल एका पिशवीत भरायला लागल्या. म्हणाल्या, "जिना चढता येतो ना आता? मग चढ."

"येतो," मी म्हणाले. "पण आज नाही चढायचा, ताई."

तिने पिशवी हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता जुनं सगळं काढणार, गणवेश, सासूबाई, सगळं. काढलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. तिने पिशवी पलंगाच्या पायथ्याशी ठेवली.

"आजची रात्र," ती म्हणाली. "उद्या मला खोली रिकामी पाहिजे."

मी हो म्हटलं. उद्या माझी सकाळची पाळी आहे.